हडपसर ‘बुडालं’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

गाडीतळ:
परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका म्हणाले, “हडपसरचं वाटोळं झालं हो. काय गाव होतं!” काका राहतात मगरपट्ट्यात, म्हणजे हडपसरच्याच शेतीवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत, सातव्या मजल्यावर. खाली बाग, दारात वॉचमन. मठ्ठा संपेपर्यंत गावासाठी हळहळत होते.

माझं म्हणणं असं की हडपसर हे कोपऱ्यातलं शांत खेडं कधी नव्हतंच. पुण्याला लागून, सोलापूर रस्त्यावरचं गाव. १८०२ च्या ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला इथंच झोडपलं. दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईत इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याला धरण बांधलं, मुठेचा कालवा आला, माळाची बागायत झाली. ऊस आणि भाजीपाला पिकायचा तो पुण्याच्या पोटासाठी. म्हणजे शहर आमच्यावर चालून आलं वगैरे काही नाही, आम्ही आधीपासून त्याच्यावरच जगत होतो.

आणि मगरपट्टा तर उलटाच प्रकार. पुण्याच्या १९८२ च्या विकास आराखड्यात ही शेती शहराच्या वाढीसाठी धरली गेली. आज ना उद्या जमीन जाणार हे दिसत होतं. तेव्हा सतीश मगरांनी भावकीला एकत्र बसवलं. साधारण १२० कुटुंबं, ४०० एकरांच्या आसपास जमीन, सगळ्यांची मिळून कंपनी, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. २००० साली बांधकाम सुरू झालं. ऊस मोडून इमारती लावल्या, पण मालक तेच राहिले. याला बुडणं म्हणायचं का?

सालगड्याचा_नातू:
छान. आता एक सांगा, तो ऊस तोडला कोणी? पाटाचं पाणी रात्री दोनला यायचं तेव्हा दारं धरायला कंदील घेऊन कोण जायचं?
माझे आजोबा मुंढव्याच्या बाजूला एका बागायतदाराकडे सालाने होते. कुठल्या वाफ्यात पाणी तुंबतं, कुठला बांध उंदरांनी पोखरलाय, हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. सातबाऱ्यावर मात्र नाव नाही. जमिनीचा भाव आला तेव्हा मालकाने घरी बोलावून जेवू घातलं, धोतरजोडी दिली, आणि “आता काम नाही” म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पण शेअर मिळतो तो जमिनीला, चाळीस वर्षांच्या राबण्याला नाही. तुमच्या १२० कुटुंबांच्या गोष्टीत आमच्यासारख्यांना जागाच नाही, आणि तुम्ही त्यालाच गावाचा इतिहास म्हणताय.

दिवेघाट:
नातू, दुखणं खरं आहे, पण तुलना कशाशी करताय तेही बघा. एकत्र आले नसते तर काय झालं असतं? आमच्याकडे झालं तेच. गुंठ्यागुंठ्याने विकलं. गळ्यात गोफ, दारात स्कॉर्पिओ, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. गुंठामंत्री! पाच वर्षांत स्कॉर्पिओ फायनान्सवाल्याने ओढून नेली, आणि आता साहेब त्याच सोसायटीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे. मगरपट्ट्यात पोरांना मातीकाम, विटा, बागकाम अशी कंत्राटं घ्यायला शिकवलं. त्या मानाने हे सोनंच.

माहेरवाशीण:
“ज्याची जमीन त्याचे शेअर” हे वाक्य किती सहज लिहून गेलात!
मगरपट्ट्याचं मला माहीत नाही, आमच्या घरचं सांगते. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, पण कायदा येण्याआधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. माझं लग्न १९९१ चं. २००५ ला केंद्राने कायदा बदलून आमच्यासारख्या आधी लग्न झालेल्यांनाही हक्क दिला, आणि दोन महिन्यांत भाऊ पैठणी आणि पेढे घेऊन दारात. सोबत हक्कसोडपत्र. वहिनी म्हणाली, “वन्सं, माहेर तुटायला नको.” केली सही. पैठणी अजून घडी मोडलेली नाही. शेतावर आता सात मजले आहेत, आणि तुम्ही विचारताय बुडालं कोण.

फुरसुंगीकर:
तुमचा वाद म्हणजे मालक मोठा की मजूर मोठा. जरा कालवा ओलांडून पुढे या. आमच्या आणि उरुळी देवाचीच्या वाट्याला शहराची इमारत नाही आली, आधी कचरा आला. वर्षानुवर्षं. विहिरीचं पाणी काळं पडलं, टँकर सुरू झाले. २०१७ ला अकरा गावं महापालिकेत घेतली त्यात आम्ही दोघंही होतो. मग दोघांनाच बाहेर काढून नगरपरिषद दिली. एकदा आत, एकदा बाहेर. शहराला गाव कधी हवं असतं आणि कधी नको असतं, ते आमच्याकडून शिका.

गाडीतळ:
फुरसुंगीकर, तुम्हाला उत्तर नाही माझ्याकडे. ताई, तुम्हालाही नाही. ‘मालक तेच राहिले’ लिहिताना माझ्या डोळ्यासमोर पुरुषच होते, हे कबूल.
पण नातू, तुमच्याशी भांडण चालू ठेवतो. सालगडी भूमिहीन राहिला तो शहर आलं म्हणून नाही. तो गाव होतं तेव्हापासूनच भूमिहीन होता. शहराने निदान त्याच्या नातवाला दुसरं काम दिलं. मग गाव गेल्याचं दुःख तुम्ही कशासाठी करायचं?

सालगड्याचा_नातू:
दुःख मी केलंच नाही, नीट वाचा. हिशेब मागितला.
आजी अजून आहे. पालखीच्या दिवशी तिला हडपसरच्या गाडीतळ चौकात नेतो. माऊली सासवडकडे, दिवेघाटाला वळतात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणीला. दोन्ही पालख्या गेल्या तरी ती हलत नाही. पूर्वी इथे आमच्या मालकाची गाडी सुटायची म्हणते, आणि बैलांची नावं सांगते. मालकाचं नाव विचारलं तर आठवत नाही.

दिवेघाट:
बैलांची नावं लिहून ठेव रे.

सालगड्याचा_नातू:
सर्ज्या आणि पाखऱ्या.