एकतर्फी प्रेमाचे गाणे इतके प्रसन्न का?

रामबागवासी, इंदूर:
आमच्या कॉलनीतील मराठी मंडळात कुंदन शहा यांचा १९९४ चा ‘कभी हाँ कभी ना’ दाखवून त्यावर चर्चा करायची आहे आणि प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. सुनीलचे प्रेम ॲनावर आणि ॲनाचे ख्रिसवर, हे आपल्याला लवकरच कळते. तरीही जतीन-ललित यांनी सुनीलला ‘ऐ काश के हम’सारखी प्रसन्न चाल का दिली असावी? विरहगीत अधिक शोभले नसते का?

तानपुरा:
चाल प्रसन्न आहे खरी, पण ते गाणे कोण गाते याकडे आपण लक्ष द्यावे. पडद्यावर ॲना त्याच्याबरोबर आहे, मात्र गाण्याचे शब्द एकट्या कुमार सानूंच्या आवाजात येतात. नायिकेने पुढचे कडवे उचलले की तिचा होकार मिळाला, असे हिंदी चित्रपट पाहताना आपण धरूनच चालतो. इथे ते कडवे तिला दिलेलेच नाही. म्हणजे दिसते ते सुनीलच्या मनासारखे आणि ऐकू येते ते वस्तुस्थितीला धरून. शिवाय हा मुलगा परीक्षेत नापास होतो, थापा मारतो, प्रेमिकांत काड्या घालतो. त्याच्या तोंडी रडगाणे घातले असते तर विनोद तर बुडालाच असता, वर तो स्वतःचीच कीव करीत बसला आहे असे वाटले असते.

जुना नाट्यरसिक:
‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे नाट्यप्रयोग पाहत आलेल्या इंदूरकरांना हे नवे वाटू नये. १८८२ च्या ‘संगीत सौभद्र’मध्ये अर्जुन संन्याशाच्या वेषात सर्वांना फसवतो, पण तो पद गाऊ लागला की त्याला लबाड म्हणायचे कोणाच्या मनात येत नाही. फरक एवढाच की सुभद्रेचे मन आधीच त्याच्याकडे आहे. बिचाऱ्या सुनीलला ती सोय नाही.

सराफ्याजवळचा:
वरील दोन्ही मते मान्य करूनही ‘वो तो है अलबेला’बद्दल माझी तक्रार आहे. देवकी पंडित यांचा आवाज मला अतिशय प्रिय आहे. तथापि, याचे दोषच पाहिलेत, गुण पाहिले नाहीत, असे ते गाणे सरळ सांगून टाकते आणि प्रेक्षकाने स्वतः ठरवायचे काही उरत नाही. याउलट चर्चमध्ये लग्नाची अंगठी हरवते आणि ती नेमकी सुनीलला दिसते, तिथे त्याच्या बाजूने बोलायला एकही गाणे नाही. त्याने अंगठी दाखवावी की गप्प राहावे, या घालमेलीत आपल्याला एकटे सोडले आहे. माझ्या मते चित्रपटातील सर्वांत जाणता सांगीतिक निर्णय हाच.

रामबागवासी, इंदूर:
आभारी आहे. तर मग ‘ऐ काश के हम’ आधी पडदा बंद ठेवून नुसते ऐकवतो आणि त्यानंतर चित्रपट सुरू करतो. चर्चच्या प्रसंगाविषयी मात्र आधी काहीच बोलणार नाही.