प्रतिसाद: कारण घरट्यापाशीच असेल असं नाही

वर लिहिलंय की पक्षी कमी झाले तर घरट्याच्या आसपासची कीटकनाशक फवारणी तपासा, ते ठीकच, पण स्थलांतर करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. स्वेनसन्स हॉकचंच बघा ना, कॅलिफोर्नियात घरटी करणारा हा शिकारी पक्षी दरवर्षी कमी परत यायला लागला आणि तिथे तर सगळं ठीक दिसत होतं. शेवटी पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले तर सिग्नल गेला थेट अर्जेंटिनात, ला पाम्पामध्ये. संशोधक तिथे पोचले तर निलगिरीच्या झाडांखाली मेलेल्या पक्ष्यांचा सडा! लसूणघास आणि सूर्यफुलावरच्या नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मारत होते, हे पक्षी तेच नाकतोडे पोटभर खायचे, कधी फवारा थेट अंगावरच, आणि मज्जासंस्थेवर परिणाम होऊन मरायचे. 1995-96 च्या हंगामात हजारो मेलेले सापडले, एकूण अंदाज 20 हजारांपर्यंतचा. मला तर वाचूनच कसंतरी झालं होतं. नंतर अर्जेंटिनाने ते औषध बंद केलं. आपल्याकडे 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले तेव्हा ज्या औषधांची नावं आली त्यात हेच मोनोक्रोटोफॉस होतं.