चष्मा आणि डोकेदुखी: सेसना 172 साठी कानातला हेडसेट

कान झाकणाऱ्या हेडसेटच्या दाबाने दोन तासांच्या उड्डाणानंतर चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुततात, म्हणून सेसना 172 या छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानासाठी बोस प्रोफ्लाइट हा कानात घालायचा हेडसेट घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. तो जेट आणि टर्बोप्रॉपच्या (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणाऱ्या विमानांच्या) त्यामानाने शांत कॉकपिटसाठी केलेला आहे. पिस्टन इंजिनाची घरघर त्याला झेपणारी नाही, कंपनीही तेच सांगते.

त्यापेक्षा क्लॅरिटी अलॉफ्ट किंवा हेलो हे कानातले हेडसेट बघा. डोक्यावर येणारं वजन 50 ग्रॅमच्या आत, बॅटरीची कटकट नाही. स्पीकर कानाबाहेर असतो, आवाज बारीक नळीतून फोमच्या बोळ्यातून आत येतो. गोंगाट अडवायचं सगळं काम त्या फोमचं, आणि बरेच लोक तो चुकीचा घालतात (मीही महिनाभर घालत होतो आणि हेडसेटला शिव्या देत होतो). बोळा चिमटीत वळून अगदी बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला समजा. मोठ्या-लहान मापाचे बोळे मिळतात. दोन कानांना दोन मापं लागली तरी नवल नाही.

सर्दी असताना मात्र उतरताना त्रास होतो, कान आधीच गच्च आणि त्यात बोळा. अर्थात तेवढी सर्दी असेल तर उडूच नये.

आणि प्लग बघून घ्या: सेसनाला दोन पिनांचा लागतो, हेलिकॉप्टरवाला एका पिनेचा चालणार नाही.