बोलेरो कॅम्परला एलईडी इंडिकेटर लावले, टकटक दुप्पट वेगाने होते

भोरचा कॅम्परवाला:
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो कॅम्पर, फोर व्हील ड्राइव्ह. एरवी शेतीची कामं, सुट्टीला मित्रांबरोबर चिखल-दगडांच्या वाटा. पुढचा बंपर काढून जाड पत्र्याचा करून घेतला, पावडर कोटिंग केलं आणि त्यात खाचा पाडून एलईडी पट्ट्या बसवल्या. पांढरी डीआरएल, म्हणजे दिवसाही पेटता राहणारा दिवा, आणि त्यातच पिवळा इंडिकेटर. मागचे आणि फेंडरवरचे बल्ब कंपनीचेच आहेत.

आता कुठलाही इंडिकेटर दिला की टकटक दुप्पट वेगाने होते, हॅझार्ड (दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम) लावले की मात्र अगदी बरोबर. शिवाय गाडी खड्ड्यात आदळली की उजवी पट्टी क्षणभर मंद होते. गॅरेजवाला म्हणतो, रेझिस्टन्स टाक, विषय संपला. टाकू का? पावसाळ्यात वरंधा घाटातून महाडला जाणं-येणं असतं. धुक्यात समोरच्याला इंडिकेटर नीट दिसलाच पाहिजे.

साताऱ्याचा वायरमन:
दादा, हॅझार्डला बरोबर चालतं हे लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. साध्या बल्बवर एका बाजूला पुढे २१ वॉट, मागे २१ आणि फेंडरला ५ धरले तर ४७ वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टला जवळपास ४ अँपिअर. फ्लॅशरचं, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीचं, या करंटवर लक्ष असतं. एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर वेग वाढवून ड्रायव्हरला कळवतो की दिवा गेलाय. तुमची पट्टी फार तर पाव-अर्धा अँपिअर घेत असेल, त्यामुळे पुढचा बल्ब उडालाय असंच तो धरून चालतो. हॅझार्डला दोन्ही बाजूंचा लोड एकत्र येतो, मागच्या दोन बल्बांचेच ४२ वॉट होतात, म्हणून वेग वाढत नाही. तेव्हा वायरिंग उसकटू नका.

रेझिस्टन्स म्हणजे बल्बाइतका करंट खाऊन फ्लॅशरला फसवणारा तुकडा, त्याबद्दल स्पष्टच सांगतो. सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यातला ६ ओहम ५० वॉटचा मिळतो, त्याने टकटक ताळ्यावर येते. पण इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला त्यातून करंट गेला की ३० वॉटच्या वर उष्णता टाकतो. घाटात थांबून बराच वेळ हॅझार्ड लावलेत तर हात लावता येणार नाही इतका तापतो. हेडलाइटमागे टेपने चिकटवलेले असे रेझिस्टन्स मी काढलेत. खालचं प्लॅस्टिक खोकं रुतेपर्यंत वितळलेलं आणि शेजारच्या वायरचं आवरण करपून तांबं उघडं पडलेलं. टाकायचाच झाला तर पत्र्याला बोल्टने आवळा, वायरिंगपासून लांब.

मी तुमच्या जागी असतो तर लोड न बघणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला असता. डॅशबोर्डखाली कान द्या, टकटक जिथून येते तिथे तो सापडेल. तीन पिनचा असेल तर बी म्हणजे सप्लाय, एल दिव्यांकडे आणि ई अर्थला. नव्या फ्लॅशरवर बी आणि एलच्या जागा उलट असू शकतात, म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावून बघा. ई पिनला अर्थ मिळालाच पाहिजे. बसवल्यावर घड्याळ लावून मोजा: १५ सेकंदांत १५ ते ३० टकटक, म्हणजे मिनिटाला ६० ते १२०, हे नियमात बसतं. मात्र बल्ब उडाल्याची सूचना आता मिळणार नाही, तेव्हा घाटात शिरण्याआधी हॅझार्ड लावून गाडीभोवती एक फेरी मारत जा.

उजव्या पट्टीचं दुखणं बहुतेक अर्थिंगचं. पट्टीची काळी वायर बंपरलाच बोल्टखाली दाबली आहे ना? पावडर कोटिंगमधून करंट जात नाही, बोल्टच्या आट्यांवर कसंबसं भागतंय. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर तात्पुरती त्या काळ्या वायरला जोडा आणि गाडी हलवून बघा. पट्टी स्थिर राहिली तर चेसिसवर रंग खरवडून रिंग लग (वायरच्या टोकाची कडी) आणि स्टार वॉशर (दातेरी चकती) लावून पक्कं अर्थिंग करा, वरून ग्रीस. जोड हीटश्रिंकने, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने, बंद करा, नुसती टेप चिखलात टिकत नाही.

रायगडकर:
दिव्याइतकाच बंपरचाही विचार करा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅशगार्डवर (बाहेरून बसवलेल्या अशा जाड बंपरांवर) कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, गाडीत बदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे. पिवळी पाटी असेल तर फिटनेसलाही अडवतील. मूळ बंपर आणि दिवे जपून ठेवा. आणि पट्टीच्या काचेवर मंजुरीचा शिक्का आहे का बघा. बिनशिक्क्याच्या पट्ट्या रात्री डोळे दिपवतात आणि भर उन्हात दिसत नाहीत.

भोरचा कॅम्परवाला:
वायरमनदादा, फ्लॅशर बदलला, टकटक ताळ्यावर आली. काळी वायर बंपरच्या बोल्टखालीच होती, चेसिसवर घेतल्यावर पट्टी स्थिर आहे. रायगडकर, पाटी पिवळीच आहे, जुना बंपर दिव्यांसकट गोठ्यात ठेवलाय. एक राहिलं: पांढरी डीआरएल चालू असली की शेजारचा पिवळा दुरून उठून दिसत नाही.

साताऱ्याचा वायरमन:
इंडिकेटर देताना त्या बाजूचा पांढरा विझायलाच हवा. साधा पाच पिनचा रिले (करंटवर चालणारा स्विच) लावलात तर पिवळा विझताच पांढरा पेटेल आणि दोन्ही आलटून पालटून लुकलुकतील. त्याऐवजी डिले-ऑफ रिले घ्या, इंडिकेटर बंद झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी पांढरा परत आणणारा. डावीला एक, उजवीला एक. दोन्हींना मिळून एकच लावलात तर डावी-उजवी एकमेकांत मिसळेल.