गाय पान्हावते आणि लाथही मारते: दोन्ही एकच अभिसंधान का?

तुरीचं_कुटार
मानसशास्त्राच्या पेपरात अभिसंधानाला (अनुभवातून संबंध जुळून शिकणं) पावलोव्हच्या, खाण्याआधीच्या आवाजानंच लाळ गाळणाऱ्या कुत्र्याऐवजी कोठ्यातलं उदाहरण लिहायचं आहे. गवळाऊ गाय चरवी खणकली की सडाला हात लागायच्या आधीच पान्हावते. तीच गाय धार काढताना लाथ झाडते. दोन्ही शिकलेलंच, मग एकाच प्रकारात टाकलं तर चालते का? अन् लाथ मोडायची कशी? पाय बांधले की थांबते, सोडले की पुन्हा तेच.

सरकी_ढेप
नाही चालत भाऊ. पान्हा गाईच्या मर्जीवर नसतो. वासरू ढुसण्या देते किंवा आपण सड चोळतो, त्यानं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि एक-दोन मिनिटांत कास भरते. हे जन्मजात. रोज त्याच्या जरा आधी चरवी वाजत असेल तर पुढे नुसता आवाज पुरतो. सड चोळणं अनभिसंधित (न शिकता काम करणारं) उद्दीपक, चरवीचा आवाज अभिसंधित (शिकल्यावर काम करणारा). हे अभिजात अभिसंधान.

क्रम महत्त्वाचा. धार झाल्यावर चरवी वाजवली तर गाय जवळपास काहीच शिकत नाही. कोठ्याशेजारीच दिवसभर भांडी घासली जात असतील तरी आवाजाला किंमत राहत नाही, कारण दहादा वाजते अन् धार एकदाच.

अन् पावलोव्हचं १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामाचं होतं, अभिसंधानाचं नाही. पेपरात हमखास चुकते.

आडवा_गोठा
लाथेचं सांगतो. लाथ बसली की माणूस मागे सरतो, सडावरचा हात सुटतो. नकोसं टळलं म्हणून लाथ पक्की झाली. हे साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामातून शिकणं), त्यातही ऋण प्रबलन. पोरं याला शिक्षा लिहून येतात. शिक्षेनं वर्तन कमी होते, इथं तर वाढलं! मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९३८ च्या पुस्तकात प्रतिसादी (उद्दीपकानं आपोआप होणाऱ्या) आणि साधक वर्तनात फरक केला तो पान्हा अन् लाथेतलाच.

आधी सड चिरला आहे का, काससुजी आहे का ते पाहा. दुखत असेल तर डॉक्टर, अभिसंधान नंतर.

मग दोघं जण लागा. एकानं बरगडीवर हात ठेवायचा, दोन-तीन सेकंद. गाय शांत असतानाच हात काढायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं भिजवलेल्या ढेपेची मूठ द्यायची. उशीर झाला तर मूठ भलत्याच हालचालीला मिळते. मग मांडी, मग कास, शेवटी सड. कुठं पाय उचलला तर पुढच्या खेपेला एक पायरी मागे. लाथ बसल्यावर तिला निववायला ढेप टाकू नका, ती लाथेची मजुरी होते.

लाथ वाया जायला लागली की सुरुवातीला ती जास्त जोरानं मारते. तिथंच बहुतेक लोक हात काढतात. कधी हात काढला, कधी नाही, असं झालं तर सवय आणखी चिवट होते.

सरकी_ढेप
अन् काठी काऊन नाही, तेही लिहा. काठीनं लाथ दबेल, पण काठी, तो माणूस, ती जागा सगळंच भीतीचं उद्दीपक होते. घाबरली की अॅड्रेनालिनमुळे पान्हा अडतो, मग लोक म्हणतात गाय दूध चोरते. एकाच कोठ्यात दोन्ही अभिसंधानं अशी गुंततात.

तुरीचं_कुटार
ढेप आधीच टोपल्यात टाकून ठेवली तर? खाण्यात गुंतेल ना.

आडवा_गोठा
गुंतेल, टोपलं संपेपर्यंत. उभं राहण्याचा अन् ढेपेचा संबंध तिला कळलाच नाही, मग टोपलं चाटून झालं की लाथ. म्हणून मूठमूठ.