मदत हवी आहे: गेम बॉयच्या जुन्या कॅसेट सेव्ह न घालवता कशावर चालवाव्यात?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. थोरला भाऊ गणपतीला मस्कतहून येतोय. त्याच्या शाळेतल्या दिवसांतल्या गेम बॉयच्या (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) कॅसेट आईने जपून ठेवल्या होत्या, त्या आता भाच्याच्या हाती लागल्यात. टेट्रिस, पोकेमॉन गोल्ड, आणि गेम बॉय ॲडव्हान्सची पोकेमॉन सफायर. भाच्याकडे सेकंडहँड डीएस लाइट (निन्टेंडोचंच नंतरचं मशीन) आहे. सफायर खालच्या खाचेत बसली. थोडी बाहेर राहते, पण लगेच चालली आणि दादाचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला होता त्याची नोंद, जसाच्या तसा निघाला! गोल्ड आणि टेट्रिस मात्र त्या खाचेत जातच नाहीत.

आकार बदलणारा ॲडॉप्टर घेऊन भागेल असं आधी वाटलं होतं, पण वाचल्यावर कळलं की अडचण आकाराची नाहीच. २००१ च्या ॲडव्हान्समध्ये नव्या प्रोसेसरसोबत जुन्या गेम बॉयचा ८-बिट प्रोसेसरही ठेवला होता. जुनी कॅसेट घातली की तिच्या आकाराने खाचेतला बारीक स्विच दाबला जातो, मशीन जुन्या प्रोसेसरवर जातं आणि कॅसेटला ३.३ ऐवजी ५ व्होल्ट मिळतात. २००४ च्या डीएसमध्ये तो जुना प्रोसेसर काढून टाकला. म्हणून ॲडव्हान्सचे गेम चालतात, त्याआधीचे नाहीत.

तिन्ही कॅसेट एकाच मशीनवर चालवायच्या तर ॲडव्हान्स एसपी (ॲडव्हान्सचंच नंतरचं, घडीचं मॉडेल) घ्यावा असं माझं मत झालंय. पहिल्या ॲडव्हान्सच्या स्क्रीनला लाइट नाही, आणि २००५ चा गेम बॉय मायक्रो जुन्या कॅसेट घेत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात खात्रीचा एसपी कुठे मिळेल?

खरी काळजी गोल्डची आहे. सफायरचा सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी फक्त घड्याळासाठी. गोल्डमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच सीआर२०२५ सेलवर. सेल संपला की सेव्ह गेला, आणि सेल बदलायला काढला तरी गेला. दादाने त्या गेममध्ये अख्खी सुट्टी घातली होती. त्याच्या हातात तो त्याच्याच टीमसकट द्यायचाय. काय करू?

प्रतिसाद १
एसपीच घे भावा. मागच्या स्टिकरवर एजीएस-१०१ लिहिलेला मिळाला तर उत्तम, त्याची स्क्रीन जास्त उजळ असते. गोल्ड लावलास की मेनूत 'कंटिन्यू' येतंय का बघ. आलं तर सेव्ह शाबूत आहे. नुसतं 'न्यू गेम' दिसलं तर सेव्ह उडालाय.

आणि डीएस लाइट विकू नका. खालच्या खाचेत सफायर, वरच्या खाचेत डीएसचा पोकेमॉन डायमंड लावून पाल पार्कमधून (डायमंडमधली जुन्या गेममधले पोकेमॉन आणायची सोय) एका वेळी सहा पोकेमॉन डायमंडमध्ये नेता येतात. दोन्ही गेम एकाच भाषेतले हवेत, आणि गेलेले परत येत नाहीत, म्हणून दादाला विचारूनच करा. डीएसआय आणि थ्रीडीएसला ती खालची खाचच नाही. गोल्डमधले मात्र सफायरमध्ये कुठल्याच मार्गाने जात नाहीत, तिथे दोन गेमचंच आपसात जमत नाही.

प्रतिसाद २
मी इचलकरंजीचा. माझ्याकडे कॅसेट रीडर आहे, यूएसबीने कॉम्प्युटरला लागतो. सेल जिवंत असेल तर आधी सेव्हची फाइल काढून घेऊ, मग सेल बदलू, मग तीच फाइल परत कॅसेटमध्ये लिहू. मशीन चालू ठेवून सेल बदलायचे व्हिडिओ बघाल, ते करू नका. हात जरा हलला की सगळं जातं.

सेल सोल्डरिंगसाठी धातूची पत्ती लावलेलाच आणा. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून खराब होतो. पत्तीवाला नाही मिळाला तर शिवाजी उद्यमनगरात स्पॉट वेल्डिंग करणारं कुणी सापडेल. कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाही, त्याला ३.८ मिमीचा खास बिट लागतो, तो आहे माझ्याकडे.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. डायमंडचं दादा आल्यावर तोच ठरवेल. इचलकरंजीकर, व्यक्तिगत संदेश पाठवलाय. रविवारी सकाळी भाच्याला घेऊन येतो. तोवर गोल्डला हात लावत नाही. एसपीचा शोध चालूच आहे, कुणाकडे असेल तर इथेच सांगा.