मदत हवी आहे: कुंडी बदलल्यावर रोपांनी माना टाकल्या

उतावळा_माळी: बियांपासून बोन्साय करतोय. रोपं मस्त वाढत होती, पण बोन्सायच्या ट्रेमध्ये हलवल्यापासून सगळी मलूल झालीत. दिवसातून दोनदा पाणी देतोय, तरी फरक नाही. कुठलं खत घालू? लवकर सांगा.

शेवंता: झाड कुठलं? रोपं केवढी? माती कसली? उन्हात आहेत का?

उतावळा_माळी: अहो, बोन्सायच्याच बिया, पाकिटावर तसंच छापलं होतं. रोपं वीतभर.

काटेसावर: बोन्साय ही झाडाची जात नाही हो. बिया साध्याच असतात, झाड लहान राहतं ते फांद्या नि मुळं छाटत राहिल्यामुळे. पान कसं आहे ते सांगा.

उतावळा_माळी: बारीक पानांच्या जोड्या. बी चपटं, चॉकलेटी, गुळगुळीत. आता तरी खत सांगा.

शेवंता: चिंच दिसतेय. तिची पानं अंधार पडला की मिटतातच. रात्री बघून घाबरला नाहीत ना?

उतावळा_माळी: भर दुपारीही मिटलेली असतात आणि शेंडे लोंबतात. मी वेगळं काहीच केलं नाही. मुळं नळाखाली स्वच्छ धुतली, खालचं लांब मूळ कापलं, बागेतली माती भरली आणि ट्रे गच्चीवर ठेवला.

काटेसावर: आणि म्हणे काहीच केलं नाही! पाणी ओढतात ती केसाएवढी बारीक मुळं. नळाच्या धारेखाली नेमकी तीच तुटतात. वरून पानं उन्हात पाणी उडवतायत, खालून भरपाई नाही. त्यात बागेतली माती पसरट ट्रेमध्ये चिकट होऊन बसते. खत अजिबात नको, जखमी मुळं जळतील. ट्रे उजेडात पण थेट ऊन-वारा लागणार नाही असा ठेवा. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी.

पाइनवेडा: सोटमूळ कापलं ते उत्तमच. जपानी काळ्या पाइनची कोवळी रोपं तर खोडापासूनच कापून पुन्हा रुजवतात, मग मुळं चहूबाजूंनी फुटतात.

शेवंता: पाइनचं शास्त्र चिंचेला कशाला? सोटमूळ कापायचंच, पण तेव्हा बाजूची मुळं मातीसकट राहू द्यायची. आणि एवढ्यात ट्रे हवाच कशाला? आधी काही वर्षं मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत वाढू द्या, नाहीतर खोड काडीसारखंच राहील.

निसर्गमित्र_१: झाडांचे हाल करून काय मिळतं लोकांना?

काटेसावर: नीट सांभाळलेली बोन्साय शेकडो वर्षं जगलीत. तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला.

हौशी_तारवाला: खोड-फांद्यांना वळण द्यायला तार अ‍ॅल्युमिनियमची घ्या, साधारण ४५ अंशांत गुंडाळा. खोडात रुतायच्या आत काढा.

उतावळा_माळी: तार कोण विचारतंय? माती खराब म्हणता, तर पुन्हा कुंडी बदलू का?

काटेसावर: नको!! नवी पालवी फुटून जोम धरेपर्यंत मुळांना हात लावू नका. मातीशी खोड मऊ, काळपट झालं असेल तर ते रोप गेलं, काढून टाका. खोड ताठ असेल तर आशा आहे.

उतावळा_माळी: काही काळी पडलीत, ती काढली. बाकीची ताठ आहेत, सावलीत नेली.

पाइनवेडा: पुढच्या वेळी पाइनच लावा. बिया आधी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या…

शेवंता: घ्या, सुरू झाले हे.